नाकवाल्या टाटाची १:४३ प्रतिकृती : तपशील भरपूर, पण वीतभर गाडी गेली कुठे?

मोजपट्टी (ऐरोली)

गेल्या महिन्यात वाढदिवसाचे निमित्त करून मी स्वतःलाच एक भेट दिली. टाटा एसई १६१३, म्हणजे बॉनेट पुढे आलेला तो जुना सहाचाकी ट्रक, ज्याला आमच्या घरात सगळे ‘नाकवाली गाडी’ म्हणत, त्याची डाय-कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली, प्रतिकृती. डब्यावर १:४३ हे प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीचे प्रत्येक माप भागिले ४३, ठळक छापलेले आहे. प्रतिकृती काढणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मला भांडण करायचे नसून मोजमापाबद्दल बोलायचे आहे.

डबा उघडल्यावर पहिले दोन दिवस मी खूश होतो. केबिनच्या टपावर सामान ठेवण्याची जाळी आहे, फाळक्याला कड्या आणि साखळ्या आहेत, आरशाच्या दांडीला काळा गोंडा लोंबतो, बंपरला लिंबू-मिरची बांधलेली आहे, आणि हौद्याच्या लाकडी फळ्यांवरचे रेषाकाम नखाने चाचपता येते. इतके बारीक काम भारतीय ट्रकच्या प्रतिकृतीत मी याआधी पाहिले नव्हते. तरीही कपाटात ठेवल्यावर रोज काहीतरी खटकत राहिले, आणि काय खटकते ते सांगता येईना. बाजूने पाहिले की गाडी बसकी आणि आखूड वाटत असे, तर समोरून पाहिले की अगदी हुबेहूब.

शेवटी एका रविवारी सकाळी टेप घेऊन वाशीच्या बाजार समितीजवळच्या ट्रक टर्मिनलवर गेलो. आता या गाड्या फार उरलेल्या नाहीत, पण कांदा-बटाटा मार्केटच्या बाजूला एक सापडली. ड्रायव्हरने आधी मला आरटीओचा माणूस समजून कागद काढायला घेतले. खिशातून छोटी गाडी काढून दाखवल्यावर तो हसला आणि टेपचे दुसरे टोक धरायला स्वतःहून खाली उतरला.

पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, ४२२० मिलिमीटर भरले. १:४३ च्या हिशेबाने प्रतिकृतीत ते ९८.१ असायला हवे. व्हर्नियरने मोजले तर ९२.४ आहे. हौदा १७ फुटी आहे, म्हणजे ५१८२ मिलिमीटर. प्रतिकृतीत तो १२०.५ हवा होता, आहे ११४.६. हौद्याची रुंदी मात्र ८ फूट असून ५६.७ च्या जागी ५६.९ मिळाली, ही अचूकता कौतुकास्पदच म्हटली पाहिजे. टायरवर १०.००-२० असे लिहिलेले होते आणि झिजलेल्या टायरचा बाहेरचा व्यास १०४० च्या आसपास भरला. तो प्रतिकृतीत २४.२ हवा, आहे २१.८.

उलट गणित केले तर चित्र असे दिसते, की रुंदीला ही गाडी १:४३ आहे, लांबीला १:४६ च्या जवळ आहे आणि चाकांना १:४८ च्या जवळ आहे. एकाच डब्यात तीन प्रमाणे. लांबीतून गेलेले पावणेसहा मिलिमीटर खऱ्या गाडीच्या मापात २४५ मिलिमीटर होतात, म्हणजे पुरती एक वीत.

माझा प्रश्न असा आहे, की लिंबातली हिरवी छटा रंगवण्याइतकी काळजी घेणाऱ्या माणसांना चासी एक वीत आखूड झालेली दिसली नसेल का? की धातूच्या ओतकामात हे अटळ असते? जाणकारांनी लिहावे.

वागळे_टूलरूम (ठाणे)

वागळे इस्टेटमध्ये साचे बनवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, त्यातली काही जस्ताच्या प्रेशर डाय-कास्टिंगमध्ये. आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला उत्तर देतो. नाही, हे अटळ नसते.

या प्रतिकृती ज्या मिश्रधातूच्या असतात त्याला झमॅक म्हणतात. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडले. त्यात ॲल्युमिनियम साधारण ४ टक्के असते, मॅग्नेशियम आणि तांबे नाममात्र आणि बाकी जस्त. हा धातू ३८० ते ३९० अंशांच्या दरम्यान वितळतो, पाण्यासारखा वाहतो आणि साच्यातली बारीकसारीक रेष उचलतो. थंड होताना तो आकसतो हे खरे, पण ते आकसणे साधारण ०.६ टक्के असते आणि साचा कापतानाच तेवढी वाढ धरलेली असते. समजा कोणी ती धरायला विसरले, तरी ९८ मिलिमीटरला फरक पडेल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तुमचा फरक त्याच्या दसपट आहे. शिवाय धातू आकसला तर लांबी आणि रुंदी दोन्हींत आकसेल. रुंदी बरोबर आणि लांबी चुकलेली, याचा अर्थ चूक ओतकामात झालेली नसून ड्रॉइंगच्या टेबलावर कोणीतरी ठरवून केलेली आहे.

का केली असेल याचा माझा अंदाज सांगतो. चासी, आस आणि चाके हे भाग बहुतेक दुसऱ्या एखाद्या ट्रकच्या प्रतिकृतीसाठी आधीच तयार असतील. नवा साचा हा या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च असतो. त्यामुळे केबिनचा नवा साचा काढायचा आणि खालचा सांगाडा जुनाच वापरायचा, हा मोह कोणालाही होतो. मग हौदा त्या सांगाड्यावर बसावा म्हणून तोही तेवढाच छाटावा लागतो. हौद्यातून आणि व्हीलबेसमधून जवळजवळ सारखीच लांबी गेली आहे, हे तुमचेच आकडे सांगतात.

अटळ गोष्टी वेगळ्या असतात आणि त्यांच्यासाठी कंपनीला दोष देऊ नये. दाराची खरी फट ५ मिलिमीटरची धरली तर १:४३ मध्ये ती ०.१२ मिलिमीटर होते. एवढी बारीक खाच रंगाने भरून जाते, म्हणून ती ०.३ च्या आसपास ठेवतात. खऱ्या गाडीत तिचे १३ मिलिमीटर होतील, आणि तेवढ्या फटीतून पावसाळ्यात ड्रायव्हरची मांडी भिजेल. रंगाचा थर ०.०५ मिलिमीटर धरला तर तो खऱ्या गाडीवर २ मिलिमीटर जाडीचा लेप ठरतो, म्हणून चासीवरचे रिबिट गुळगुळीत दिसतात. साच्यातून तुकडा सुटावा यासाठी प्रत्येक उभ्या बाजूला किंचित उतार द्यावा लागतो, म्हणून कोणत्याही डाय-कास्ट केबिनच्या भिंती नीट पाहिल्या तर काटकोनात नसतात. या तीन गोष्टी सोडून जे चुकते, ते माणसाने चुकवलेले असते.

कळंबोली_ते_कोल्हापूर

मोजपट्टीसाहेब, आपण ज्या गाडीची मापे घेतलीत तशा दोन गाड्या आमच्या घरी होत्या. वडिलांनी एक घेतली, मी दुसरी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळई भरून घाट उतरवल्या-चढवल्या आहेत, म्हणून चार शब्द लिहितो.

पहिली गोष्ट टायरची. या गाड्यांना ९.००-२० चे टायरही असत, तेव्हा आपण १०.०० धरून कंपनीवर अन्याय करत आहात की काय, असे मला आधी वाटले. पण ९.०० चा व्यासही १०२० च्या आसपास येतो, म्हणजे प्रतिकृतीत २३.७. आपल्याकडे २१.८ आहे. या मुद्द्यावर कंपनीला वाचवता येत नाही.

दुसरी गोष्ट, ‘खरी गाडी’ म्हणजे नेमकी कोणती हे आधी ठरवावे लागेल. त्या काळी कारखान्यातून पुष्कळदा फक्त चासी आणि पुढचे तोंड, म्हणजे काउल, येत असे. त्यावर लाकडाची केबिन आणि हौदा बॉडी बांधणारे मिस्त्री बांधत. एकाच महिन्यात घेतलेल्या दोन गाड्यांची टपे सारखी नसत. पंजाबच्या मिस्त्रीची बॉडी लांबून ओळखू येई, दक्षिणेची वेगळी ओळखू येई. तेव्हा केबिनच्या खिडकीची उंची चुकली म्हणून कोणी तक्रार करू लागला तर मी त्याला विचारीन, की बाबा, कोणत्या मिस्त्रीची? पण व्हीलबेस, पाटे (आसांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), चाके आणि बॉनेट ही कारखान्याची मापे आहेत, त्यांत मिस्त्रीचा हात नाही. १६१३ मधले १६ म्हणजे टनांतले एकूण वजन आणि १३ म्हणजे १३० अश्वशक्ती. त्यापुढे ४२ लिहिलेले असले तर तो ४.२ मीटरचा व्हीलबेस. गाडीच्या नावातच जे माप लिहिलेले असते, तेच नेमके चुकावे याचे मला आश्चर्य वाटते.

तिसरी गोष्ट आपल्या नजरेतून सुटली आहे, असे आपण दिलेल्या फोटोवरून दिसते. आपल्या प्रतिकृतीचे मागचे पाटे पाहा. ते जवळजवळ सपाट आहेत आणि वरचे मदतनीस पाटे दोन्ही टोकांना टेकलेले आहेत. गाडी भरलेली असली की पाटे असे दिसतात. रिकाम्या गाडीचे पाटे कमानीसारखे वाकलेले असतात, मदतनीस पाट्याची टोके हवेत असतात आणि गाडीचा मागचा भाग उचललेला दिसतो. आपल्या प्रतिकृतीचा हौदा रिकामा आहे आणि बैठक मात्र दहा टन माल भरल्यासारखी आहे. ‘गाडी बसकी वाटते’ असे आपण लिहिलेत, त्याचे अर्धे कारण लहान चाकांत आहे आणि अर्धे इथे आहे.

मोजपट्टी (ऐरोली)

कळंबोलीसाहेब, आपला प्रतिसाद वाचून उठलो, कपाट उघडले आणि भिंग लावून पाहिले. मदतनीस पाटा दोन्ही बाजूंना टेकलेला आहे. महिनाभर मी ही गाडी रोज पाहत होतो, पण हे दिसले नाही. टूलरूमसाहेबांचेही आभार, ‘अटळ’ आणि ‘ठरवून केलेले’ हा फरक मला इतका स्पष्ट कळला नव्हता.

स्टेपनी (कोपरखैरणे)

मला काळाबद्दल लिहायचे आहे. फोटोत मागची नंबर पाटी पिवळी आणि अक्षरे काळी आहेत, ती व्यावसायिक वाहनाची म्हणून बरोबर. सुरुवात एमएच-४३ ने होते, म्हणजे गाडी नवी मुंबईची. पण पाटीच्या कोपऱ्यात होलोग्राम आणि खाली निळी अक्षरे छापलेली दिसतात. ही उच्च सुरक्षा पाटी झाली. ती नव्या वाहनांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याच गाडीच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवलेले आहे, आणि ते लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ सालीच मनाई केली. डब्यावर तर ‘नव्वदच्या दशकातील टाटा मोटर्सचा ट्रक’ असे लिहिलेले दिसते. कंपनीचे नाव २००३ पर्यंत टेल्को होते. हे तीन काळ एका गाडीत कसे आले?

कळंबोली_ते_कोल्हापूर

स्टेपनी, डब्यावरच्या नावाबद्दल तुमचे बरोबर आहे. पण पाटी आणि फाळका यांच्यावरून लगेच निकाल देऊ नये. जुन्या गाड्यांनाही नंतर नव्या पाट्या लावायला सांगितले गेले, त्यामुळे नव्वदीतली गाडी आणि आजची पाटी हा मेळ रस्त्यावर रोज दिसतो. मनाईचे म्हणाल तर शिळफाट्याला अर्धा तास उभे राहा आणि किती फाळक्यांवर ते तीन शब्द दिसतात ते मोजा.

खरी चूक वेगळी आहे. पाटी आजची असेल तर गाडी आजच्या नियमांनी पासिंग झालेली असली पाहिजे, आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या लागतात. आपल्या फोटोत त्यांचा मागमूस नाही. म्हणजे पाटी आजची आणि अंग जुने. पट्ट्या लावा, नाहीतर पाटी बदला. दोन्हींपैकी काहीही केले तरी गाडी खरी होईल.

मोजपट्टी (ऐरोली)

पाटीचा विषय निघालाच म्हणून तीही मोजली. खरी पाटी ३४० बाय २०० मिलिमीटरची असते, म्हणजे १:४३ मध्ये ७.९ बाय ४.७. प्रतिकृतीवर ती ८ बाय ४.६ आहे. नखाएवढ्या पाटीचे माप तंतोतंत जुळते, त्यावरचा होलोग्राम भिंगाखाली ओळखू येतो, आणि तिच्यापुढची गाडी एक वीत कमी. यावर हसावे की रडावे ते कळत नाही.

वागळे_टूलरूम (ठाणे)

हसावे. पाटी टॅम्पो पद्धतीने छापलेली असणार. कोरलेल्या पत्र्यात शाई भरायची, सिलिकॉनच्या मऊ बोळ्याने ती उचलायची आणि वस्तूवर दाबायची, एवढेच काम असते. त्या छपाईला लागणारा पत्रा स्वस्तात बदलता येतो, पोलादी साचा बदलता येत नाही. म्हणून आजकालच्या प्रतिकृतींत छपाई अप्रतिम आणि सांगाडा उसना, हे दृश्य वाढले आहे. गिऱ्हाईक फोटो पाहून घेते, आणि फोटोत छपाई दिसते, व्हीलबेस दिसत नाही.

जाता जाता, सायलेन्सरची नळी कोणत्या बाजूला निघते ते पाहिलेत का? फोटोत ती डावीकडे वळलेली वाटते.

मोजपट्टी (ऐरोली)

डावीकडेच आहे.

वागळे_टूलरूम (ठाणे)

आपल्या मोटार वाहन नियमांप्रमाणे धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही, कारण डावीकडे पदपथ आणि माणसे असतात. सांगाडा दुसऱ्याच ट्रकचा असावा, या माझ्या अंदाजाला हा आणखी एक पुरावा समजा, आणि तो ट्रक रस्त्याच्या उजवीकडून चालणाऱ्या एखाद्या देशातला असावा. स्टिअरिंग केबिनबरोबर नवे केले म्हणून ते उजवीकडे आले. नळी खाली राहिली, ती जुन्या देशाचीच राहिली.

ताडपत्री (ठाणे, कोपरी)

सर्वांचे ज्ञान मान्य करूनही थोडे वेगळे लिहितो. माझे वडील हीच गाडी चालवत. शाळेला सुट्टी लागली की मी क्लिनरच्या जागेवर बसून त्यांच्याबरोबर नाशिकपर्यंत जात असे. तीच प्रतिकृती मीही घेतली आहे आणि ती माझ्या टेबलावर तोंड माझ्याकडे करून ठेवली आहे. रोज सकाळी ते तोंड पाहिले की मला बरे वाटते. आता हा धागा वाचल्यावर मी तिच्याकडे टेप घेऊन पाहू लागलो, तर माझे नुकसानच होणार ना? स्मृतीला व्हर्नियर लावू नये, असे मला वाटते.

मोजपट्टी (ऐरोली)

ताडपत्री, आपला प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग आपल्यासाठी म्हणून एक काम केले. बॉनेटची रुंदी, रेडिएटरच्या जाळीची उंची, दोन हेडलाइटांच्या मध्यांतले अंतर आणि काचेची उंची, अशी चार मापे बाजार समितीतल्या त्या गाडीवर पुन्हा जाऊन घेतली. ड्रायव्हर तोच होता, आणि या वेळी त्याने चहा पाजला. चारही मापे १:४३ ला अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळतात. आपल्याला ते तोंड ओळखीचे वाटते, कारण ते तोंड बरोबर आहे. ते दोन मिलिमीटर अरुंद असते तर तुम्हाला कारण सांगता आले नसते, पण वडिलांची गाडी आठवली नसती. आपण तोंड आपल्याकडे करून ठेवलेत, त्यामुळे आपल्याला खटकले नाही. मी कपाटात आडवी ठेवली, म्हणून मला खटकले.

ताडपत्री (ठाणे, कोपरी)

आता आडवी करून पाहिली. तुम्ही म्हणता ते दिसले. पुन्हा सरळ ठेवली आहे.

स्टेपनी (कोपरखैरणे)

मग आता करायचे काय? परत करणार, की दुरुस्त करणार?

मोजपट्टी (ऐरोली)

दुरुस्त करणार. चासी कापून ५.७ मिलिमीटर वाढवायची आहे. कुठे कापावी आणि कशाने जोडावी, यावर मार्गदर्शन हवे. झमॅकला डाख लागतो का?

वागळे_टूलरूम (ठाणे)

घरच्या डाखणीच्या भानगडीत पडू नका. आतल्या ॲल्युमिनियममुळे साधा डाख नीट धरत नाही आणि उष्णता जरा जास्त झाली तर तुकडाच वितळून बसतो. बारीक पात्याच्या करवतीने कापा, दोन्ही तोंडांना १ मिलिमीटरची भोके पाडून पितळी सळया घाला आणि दोन भागांच्या इपॉक्सीने जोडा. मधल्या जागेत पितळी पट्टी भरा. चोवीस तास हात लावू नका. हौदा प्लास्टिकचा असेल तर तो सोपा आहे. फळीच्या सांध्यावर कापलात तर जोड दिसणारही नाही.

कळंबोली_ते_कोल्हापूर

कापायची जागा मी सांगतो. केबिनची मागची भिंत आणि मागच्या पाट्याचा पुढचा हँगर (पाटा चासीला अडकवण्याची जागा) यांच्या मधोमध, जिथे डिझेलची टाकी लटकते त्याच पट्ट्यात. तिथेच वाढवा. मागच्या आसाच्या पलीकडे वाढवलीत तर हौदा जुळेल, पण गाडीचे शेपूट लांब दिसेल आणि व्हीलबेस होता तसाच आखूड राहील.

पाट्यांचे काय करणार ते मात्र आधी ठरवा. रिकामी दाखवायची असेल तर मागचा भाग उचलावा लागेल. किती, असे विचाराल तर आमच्या गाडीत भरलेली आणि रिकामी यांत चार बोटांचा फरक पडे.

मोजपट्टी (ऐरोली)

चार बोटे म्हणजे ७५ मिलिमीटर धरली. भागिले ४३, पावणेदोन मिलिमीटर. तेवढे उचलता येईल, पण कंपनीने ओतलेला सपाट पाटा वाकवताना तुटेल अशी भीती वाटते. म्हणून उलट विचार केला आहे. पाटे भरलेल्या गाडीचे आहेत, तर गाडीच भरतो. कांदा-बटाटा मार्केटजवळ सापडलेल्या गाडीवरून मापे घेतली, तेव्हा मालही कांदाच. दहा टनांना ५० किलोच्या २०० गोणी लागतील. गोणी साधारण ९० सेंटिमीटर लांब धरली तर प्रत्येकी २१ मिलिमीटर. चहा गाळायच्या जुन्या कापडी गाळणीचे तुकडे शिवून आणि आत मोहरी भरून नमुना केला आहे, तो फोटोत पाहावा.

कळंबोली_ते_कोल्हापूर

नमुना चांगला आहे, पण गोणीचे तोंड फार नीटनेटके शिवले आहे. बाजारात सुतळीचे चार आडवे टाके घालतात आणि दोन्ही कोपऱ्यांना कान सोडतात, उचलताना माथाडी कामगारांना धरायला. आणि गोण्या भरताना खालचा थर आडवा, त्यावरचा उभा, असा लावा. सगळ्या एकाच दिशेने लावल्यात तर पहिल्याच वळणाला थप्पी सरकेल.

मोजपट्टी (ऐरोली)

कान सोडून पुन्हा शिवायला घेतल्या आहेत. चाळीस झाल्या, एकशे साठ बाकी. चाकांसाठी २४ मिलिमीटरचे रबरी टायर कोणाकडे जास्तीचे असतील तर कळवावे, सहा हवे आहेत आणि स्टेपनीसाठी एक.